हजार मण्यांतून एक : जेलच्या थाळीतील उत्प्रेरकाचा शोध

विज्ञान मंडळातर्फे

शालेय पुस्तकात उत्प्रेरकाची व्याख्या दोन ओळींत संपते. रासायनिक अभिक्रियेचा वेग बदलणारा, पण अभिक्रिया संपल्यावर स्वतः शिल्लक राहणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु या व्याख्येतून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. अमुक अभिक्रियेसाठी अमुक पदार्थच उत्प्रेरक ठरेल, हे रसायनशास्त्रज्ञांना कळते तरी कसे?

खरे उत्तर असे की पुष्कळदा ते आधी कळत नाही. अनेक पदार्थ तपासून पाहावे लागतात. मग विद्यार्थी विचारतील, आणि पालकही विचारतील, की हे विज्ञान झाले की नशिबाचा खेळ? या अंकात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. त्यासाठी निवडलेले उदाहरण थोडे अपरिचित आहे. हजारो सूक्ष्म मण्यांमधून काम करणारा मणी शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी जेलचा, म्हणजे जेलीसारख्या घट्ट पण ओल्या पदार्थाचा उपयोग कसा केला, त्याची ही हकीकत आहे.

पाटीवर गणित मांडून उत्तर येत नाही

आपल्या बडोद्याजवळच्या फर्टिलायझरनगरात अमोनिया तयार होतो आणि त्यापासून खते बनतात, हे येथील बहुतेक घरांना माहीत आहे. हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या संयोगाने अमोनिया मिळतो. ऐकायला हे सोपे वाटते. पण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की योग्य उत्प्रेरकाशिवाय हा संयोग कारखान्यात परवडेल अशा वेगाने होत नाही.

जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली ऑस्मियम हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरून अमोनिया करून दाखवला. पण ऑस्मियम अत्यंत दुर्मीळ. त्यावर कारखाना चालणे शक्य नव्हते. म्हणून बीएएसएफ या कंपनीत कार्ल बॉश यांनी आल्विन मिटाश या रसायनशास्त्रज्ञाकडे स्वस्त उत्प्रेरक शोधण्याचे काम सोपवले. मिटाश यांनी लहान लहान चाचणी-भट्ट्या तयार करून घेतल्या. त्यांत थोडासा नमुना घालून एकामागून एक पदार्थ तपासता येत असे. १९१२ च्या सुरुवातीपर्यंत त्यांच्या गटाने सुमारे २५०० पदार्थ घेऊन सुमारे ६५०० चाचण्या केल्या होत्या.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. स्वीडनमधील एका लोहखनिजाने चांगले काम केले, पण शुद्ध लोखंडाने तसे केले नाही. म्हणजे खरी करामत त्या खनिजातील इतर द्रव्यांची होती. मग त्यांनी लोखंडात मुद्दाम ॲल्युमिनियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांची संयुगे थोड्या प्रमाणात मिसळून पाहिली आणि हवा तो उत्प्रेरक सापडला. १९१३ साली ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आजही जगातील बहुतेक अमोनिया लोखंडावर आधारलेल्या अशाच उत्प्रेरकावर तयार होतो आणि जगाच्या अन्नधान्याचा मोठा भाग त्यापासूनच्या खतांवर पिकतो.

चांगला उत्प्रेरक सापडणे आणि न सापडणे यांत केवढे अंतर असते, ते यावरून दिसते. पण सहा हजारांवर चाचण्या एकेक करून करायच्या म्हणजे वर्षांचे काम, पुष्कळ माणसे आणि पुष्कळ पैसा. हे लवकर करता येईल का?

एकेक करायचे की सारे एकदम?

या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवे उत्तर मिळाले. त्याला कॉम्बिनेटोरियल केमिस्ट्री म्हणतात. आपण त्याला 'जुळणीचे रसायनशास्त्र' म्हणू.

त्याचा पाया १९६३ साली अमेरिकेतील ब्रूस मेरिफिल्ड यांनी घातला. अमिनो आम्ले एकापुढे एक जोडून पेप्टाइड नावाची साखळी तयार करताना, त्यांनी पहिले अमिनो आम्ल प्लॅस्टिकच्या बारीक मण्याला चिकटवले. मग पुढची प्रत्येक कडी त्या मण्यावरच जोडली. प्रत्येक जोडणीनंतर उरलेली रसायने नुसती धुऊन गाळून टाकायची. तयार माल मण्यावर सुरक्षित राहतो. या कामासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे मणी साधारण एक दशांश मिलिमीटर व्यासाचे असतात. ते काचेच्या गोटीसारखे भरीव व बंद नसतात. भिजवलेला साबुदाणा जसा पाणी शोषून फुगतो, तसे हे मणी योग्य द्रावकात फुगतात आणि रसायने त्यांच्या आतपर्यंत जातात. म्हणजे असा प्रत्येक मणी हीच एक चिमुकली जेल असते.

हंगेरीतील आर्पाद फुर्का यांनी १९८२ साली पुढची युक्ती लिहून ठेवली. समजा आपल्याकडे २० प्रकारची अमिनो आम्ले आहेत. मण्यांचे २० वाटे करायचे आणि प्रत्येक वाट्याला वेगळे अमिनो आम्ल जोडायचे. मग सारे मणी एकत्र मिसळायचे, पुन्हा २० वाटे करायचे, पुन्हा जोडायचे. असे तीनदा केले की २० × २० × २०, म्हणजे ८००० प्रकारची पेप्टाइडे तयार होतात. जोडण्या मात्र होतात फक्त ६०. हीच ८००० पेप्टाइडे एकेक करून बनवली, तर २४,००० जोडण्या कराव्या लागल्या असत्या.

यात आणखी एक सुंदर गोष्ट आहे. कोणताही एक मणी प्रत्येक फेरीत एकाच भांड्यात जातो. त्यामुळे एका मण्यावर एकाच प्रकारचे पेप्टाइड असते. मणी मिसळले तरी माल मिसळत नाही.

ढीग तयार झाला, पण त्यात कामाचा कोण?

आता आपल्यासमोर एका बशीत हजारो मणी आहेत. दिसायला सगळे सारखे. त्यांतील एखाद्या मण्यावरचे पेप्टाइड कदाचित उत्तम उत्प्रेरक असेल. तो मणी ओळखायचा कसा?

बशीत अभिक्रियेची रसायने ओतली आणि थोड्या वेळाने द्रव तपासला, तर एवढेच कळेल की कोणीतरी काम केले. कोणी केले ते कळणार नाही. शंभर मुलांच्या वर्गात कोणीतरी बरोबर उत्तर ओरडले, पण कोण बोलले ते समजले नाही, तसे हे होते. म्हणजे चाचणीत दोन गोष्टी हव्यात. काम झाल्याची खूण दिसली पाहिजे आणि ती खूण काम करणाऱ्याच्या जवळच राहिली पाहिजे.

अमेरिकेत जेम्स मॉर्कन आणि स्टीव्हन टेलर यांनी १९९८ साली उष्णतेची खूण वापरली. अनेक अभिक्रियांत उष्णता बाहेर पडते. जो मणी जोरात काम करतो, तो आजूबाजूच्या मण्यांपेक्षा किंचित गरम होतो. त्यांनी ३१५० प्रकारच्या उत्प्रेरकांचा संग्रह घेऊन, द्रवावर तरंगणारे मणी अवरक्त कॅमेऱ्याने पाहिले आणि गरम झालेले मणी वेचले. पद्धत कल्पक होती, परंतु तिला खास कॅमेरा लागतो आणि अभिक्रियेतून पुरेशी उष्णता निघावी लागते.

प्रकाश देणारा साक्षीदार

त्याच सुमारास अमेरिकेतील बोस्टन कॉलेजमध्ये स्कॉट मिलर आणि त्यांचे विद्यार्थी वेगळ्या खुणेच्या शोधात होते. त्यांची अभिक्रिया अशी होती : अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲनहायड्राइड यांच्या संयोगाने एस्टर तयार होते, आणि सोबत ॲसेटिक आम्लाचा एक रेणू सुटतो. ॲसेटिक आम्ल म्हणजे आपल्या व्हिनेगरमधील आंबटपणा. अभिक्रिया जेवढ्या वेळा घडेल, तेवढे आम्लाचे रेणू निघणार. तेव्हा आम्ल दिसले, म्हणजे काम झाले असे समजायचे.

आम्ल ओळखण्यासाठी आपण शाळेत लिटमस वापरतो. मिलर यांच्या गटाने रंग बदलणाऱ्या द्रव्याऐवजी चमकणारे द्रव्य घेतले. अँथ्रासीन नावाचा रेणू अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. त्याला जवळच एक अमाइन गट जोडला की ही चमक विझते. याचे कारण असे, की अमाइनमधील नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. प्रकाश शोषून उत्तेजित झालेल्या अँथ्रासीनला या जोडीतील इलेक्ट्रॉन मिळतो आणि प्रकाश म्हणून बाहेर पडणारी ऊर्जा वाटेतच संपते. पण आम्ल आले, की आम्लाचा प्रोटॉन त्या मोकळ्या जोडीला जाऊन बसतो. जोडी गुंतून पडते, विझवण्याचे काम थांबते आणि अँथ्रासीन पुन्हा चमकू लागते.

थोडक्यात, आम्ल नसेल तर अंधार आणि आम्ल असेल तर उजेड. अशा द्रव्याला संवेदक म्हणतात.

१९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्यांनी हा संवेदक मण्यावरच, उत्प्रेरकाच्या शेजारी बसवला. काम करणारा मणी स्वतःच चमकू लागला. पण यात एक अडचण होती. प्रत्येक मण्यावर उत्प्रेरकाबरोबर संवेदकही जोडायचा म्हणजे दुप्पट खटाटोप. शिवाय साक्षीदार इतका जवळ बसवला, की तो कामात लुडबुड करणार नाही कशावरून? इतरांनी तयार केलेले साधे मणी तर या पद्धतीने तपासताच येणार नाहीत.

जेल कशासाठी?

२००० साली याच गटाने त्यावर उपाय मांडला. संवेदक मण्यावर न बसवता मण्यांच्या भोवतालच्या जेलमध्ये बसवायचा.

जेल म्हणजे काय, ते समजायला घरातील चायना ग्रासची जेली पुरेशी आहे. तिच्यात जवळजवळ सगळे पाणीच असते. परंतु लांब रेणूंचे विरळ जाळे त्या पाण्याला धरून ठेवते. त्यामुळे ती वाटी उलटी केली तरी वाहत नाही. आतले लहान रेणू मात्र जाळ्याच्या भोकांतून हळूहळू सरकू शकतात. द्रवात ढवळल्यामुळे, धक्क्यामुळे किंवा उष्णतेमुळे प्रवाह तयार होतात आणि सारे क्षणात मिसळते. जेलमध्ये असे प्रवाह होत नाहीत. तेथे पदार्थ फक्त संथपणे पसरतो. म्हणून एका जागी निर्माण झालेली वस्तू काही काळ त्याच जागेच्या आसपास राहते.

जेलचा हा गुण विज्ञानाने पूर्वीही वापरला आहे. १८८१-८२ च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत, पण ते उन्हाळ्यात वितळे. तेथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी स्वयंपाकातील अगर, म्हणजेच आपला चायना ग्रास, वापरण्याचे सुचवले. घट्ट पृष्ठभागावर प्रत्येक जिवाणूची वसाहत आपापल्या जागी वाढते आणि वेगळी ओळखता येते. स्वयंपाकघरातून आलेली ही सूचना आजही जगभरच्या रोगनिदान प्रयोगशाळांत उपयोगी पडते.

मिलर यांच्या कामात मात्र पाण्याची जेली चालणार नव्हती. ॲसेटिक ॲनहायड्राइड पाण्याशीही अभिक्रिया करते आणि आम्ल तयार होते. मग उत्प्रेरक नसतानाही सगळी थाळी उजळली असती! म्हणून सेंद्रिय द्रावकात फुगणारी जेल लागली. तिच्या जाळ्यात संवेदक पक्का जोडलेला होता, त्यामुळे तो स्वतः इकडे तिकडे वाहून जाऊ शकत नव्हता.

आता चाचणी कशी होते, ते पाहा. मणी जेलमध्ये विखरून ठेवतात. अल्कोहोल आणि ॲनहायड्राइड जेलमध्ये झिरपतात आणि मण्यांपर्यंत पोहोचतात. निकामी मण्याजवळ विशेष काही घडत नाही. काम करणाऱ्या मण्यातून आम्ल बाहेर पडू लागते, भोवतालच्या जेलमध्ये पसरते आणि तेथील संवेदक उजळतात. सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाशात त्या मण्याभोवती उजेडाचे वलय दिसते. जो मणी अधिक वेगाने काम करतो, त्याचे वलय लवकर आणि ठळक दिसते. तो मणी बाहेर काढायचा आणि त्यावर कोणते पेप्टाइड आहे ते विश्लेषणाने ठरवायचे.

येथे वेळेला महत्त्व आहे. फार लवकर पाहिले तर काहीच दिसत नाही. फार उशिरा पाहिले तर वलये एकमेकांत मिसळतात आणि शेजारचा निकामी मणीही उजेडात न्हाऊन निघतो. जेल बातमीला कायमची अडवत नाही. ती आपल्याला पाहण्यापुरती सवड देते. म्हणून मण्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे आणि योग्य वेळी पाहणे, हे प्रयोग करणाऱ्याचे कौशल्य आहे.

चाचणी फक्त विचारलेलेच सांगते

चमकणारा मणी मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. आमच्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत शिकण्यासारखा भाग येथेच आहे.

उजेड आपल्याला एकच गोष्ट सांगतो : येथे आम्ल झाले. त्यावरून अभिक्रिया वेगाने झाली असा निष्कर्ष निघतो. पण रसायनशास्त्रज्ञाला अनेकदा वेगापेक्षा वेगळे काही हवे असते. पुष्कळ रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात. दोन्हींची रचना सारखी, पण एक उजवा तर एक डावा, एकमेकांची आरशातील प्रतिमा. डाव्या हाताचा हातमोजा उजव्या हातात बसत नाही, तसे शरीरातील रेणूंना पुष्कळदा एकाच हाताचा रेणू चालतो. कंपवातावर दिले जाणारे एल-डोपा हे औषध असेच एका हाताचे आहे. ते तयार करण्यासाठी योग्य हाताला प्राधान्य देणारा उत्प्रेरक विल्यम नोल्स यांनी विकसित केला आणि त्या कामासाठी त्यांना २००१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मिलर यांच्या गटाला असाच, एका हाताच्या अल्कोहोलवर लवकर काम करणारा उत्प्रेरक हवा होता. पण दोन्ही हातांवर सारख्याच वेगाने काम करणारा मणीही थाळीत तितकाच चमकणार! म्हणून चमक ही पहिली चाळणी ठरते. निवडलेले पेप्टाइड पुन्हा स्वतंत्रपणे तयार करावे लागते, त्याची निवडक्षमता वेगळी मोजावी लागते, आणि मण्यावर जे दिसले ते मोकळ्या द्रावणातही दिसते का हे पाहावे लागते. ज्यावर उत्प्रेरक नाही असे कोरे मणीही सोबत तपासावे लागतात. ते चमकले, तर चाचणीतच खोट आहे असे समजायचे. संवेदक मण्यांवर जोडून केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामातही त्यांनी आधी क्रियाशीलतेवरून मणी निवडले आणि मग त्यांतून हाताची निवड करणारी पेप्टाइडे शोधली.

लहान सेंद्रिय रेणू उत्प्रेरक म्हणून वापरण्याच्या या शाखेला पुढे मोठे महत्त्व आले. बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना तिच्या विकासासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हजारो पदार्थ तपासणे म्हणजे नशिबाचा खेळ का? नुसते तपासणे हा खेळ होऊ शकतो. पण कोणते मणी बनवायचे, कोणती खूण शोधायची, ती खूण जागेवर कशी ठेवायची आणि ती काय सांगत नाही, हे सारे आधी विचार करून ठरवावे लागते. विज्ञान त्या ठरवण्यात आहे. पालक आणि विश्वस्त यांना यात आणखी एक गोष्ट दिसेल. शाळेची परीक्षा हीसुद्धा एक चाचणी आहे. जे विचारले त्याचेच उत्तर ती देते. मुलाचे पाठांतर तपासले तर पाठांतर कळेल. त्याची जिज्ञासा कळण्यासाठी वेगळी थाळी मांडावी लागेल.

शाळेत करून पाहा

मिलर यांचा प्रयोग शाळेत करता येणार नाही, पण त्यामागील तत्त्व सहज पाहता येते.

साहित्य : चायना ग्रास, हळद, धुण्याचा सोडा, मीठ, साखर, लिंबू, गाळणकागद, चिमटा आणि दोन पसरट पांढऱ्या बशा.

१) दोन कप पाण्यात चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, चिमूटभर हळद घाला, एका बशीत ओता आणि थंड होऊ द्या. दुसऱ्या बशीत नुसते हळदीचे पाणी तेवढ्याच उंचीपर्यंत घ्या.

२) गाळणकागदाच्या पंचिंग मशीनने गोल टिकल्या पाडा. काही टिकल्या सोड्याच्या दाट द्रावणात, काही मिठाच्या पाण्यात, काही साखरेच्या पाण्यात, तर काही लिंबाच्या रसात भिजवून वाळवा. कोणती टिकली कशाची, हे एका विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवावे व इतरांना सांगू नये.

३) टिकल्या चिमट्याने दोन्ही बशांत अंतराअंतरावर ठेवा. दर पाच मिनिटांनी काय दिसते ते लिहा आणि जेलवरील वलयाचा व्यास पट्टीने मोजा.

जेलवर सोड्याच्या टिकल्यांभोवतीच लालसर वलय उमटेल आणि ते सावकाश वाढेल. पाण्याच्या बशीत टिकल्या सरकतील, तांबडा रंग इकडे तिकडे पसरेल आणि तो नेमका कोणत्या टिकलीचा, हे सांगणे कठीण होईल. लक्षात ठेवा, येथे सोडा हा उत्प्रेरक नाही; टिकलीतील सोडा संपला की तिचे काम संपते. खरा उत्प्रेरक रसायने मिळत राहतील तोवर काम करत राहतो.

सोड्याला हात लावल्यास हात लगेच धुवा. प्रयोगातील जेली कोणीही खाऊ नये. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या नोंदी आणि वलयांच्या मापांचा आलेख विज्ञान शिक्षकांकडे द्यावा. ज्यांच्या थाळीत अपेक्षेपेक्षा वेगळे काही घडेल, त्यांनी ते खोडू नये, तसेच लिहावे. अशा नोंदींना आम्ही पुढील अंकात आधी जागा देऊ.